डॅलसला नवीन आलात? फ्रिस्कोच्या नव्या गोल्फ कोर्सवर जाण्याआधी थोडं बोलू

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभा असलो की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. "काका, तुम्ही गोल्फ खेळता ना? ते फ्रिस्कोचं नवीन पीजीए कसं आहे? ऑफिसातली मंडळी चल म्हणतायत." विचारणारा येऊन तीन-चार महिने झालेले असतात. घरात सोफा नाही, गाडी भाड्याची, आणि गोल्फचा संच ऑनलाइन बास्केटमध्ये पडून. उत्तर देता देता मसालेभात गार होतो, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

आधी मनातली एक गाठ सोडवा. आपल्यापैकी बहुतेकांनी गोल्फ पाहिलाय तो भिंतीपलीकडून. पुण्यात विमानतळाच्या रस्त्याने जाताना येरवड्याला हिरवळ दिसायची, ती बघत बघत रिक्षा पुढे जायची. तो क्लब, त्याचे मेंबर, आपला काय संबंध! इकडे मात्र नगरपालिकेचे गोल्फ कोर्स असतात. बागेत जावं तसं जायचं, साधारण पन्नास-साठ डॉलर भरायचे आणि खेळायचं. कुणाची ओळख लागत नाही. हे मला समजायला सहा वर्षं लागली, तुमची तेवढी वाचोत.

आता डॅलसच्या उत्तरेचं फ्रिस्को. अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ प्रशिक्षकांची संघटना, म्हणजे पीजीए ऑफ अमेरिका, आपलं मुख्यालय फ्लोरिडाहून उचलून इथे घेऊन आली. त्याच्या शेजारी हॉटेल आणि दोन अठरा होलचे (होल म्हणजे चेंडू घालायचा खळगा) कोर्स मे २०२३ मध्ये उघडले. फील्ड्स रँच ईस्ट गिल हान्सने आखलाय, वेस्ट बो वेलिंगने. उघडल्या महिन्यातच ईस्टवर सीनियर पीजीए, म्हणजे पन्नाशीपुढच्या व्यावसायिकांची स्पर्धा झाली. स्टीव्ह स्ट्रिकरने प्लेऑफमध्ये पॅड्रिग हॅरिंग्टनला हरवून ती जिंकली. २०२७ ची पीजीए चॅम्पियनशिप, म्हणजे पुरुषांच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक, याच ईस्टवर आहे. २०३४ लाही आहे. त्यामुळे ऑफिसातली मंडळी भारावलेली असतात त्यात नवल नाही.

पण पहिल्या सहा महिन्यांत ईस्टवर जाऊ नका, असं मी सरळ सांगतो. पैसे हे एक कारण आहेच, एका फेरीला शेकडो डॉलर जातात. खरं कारण वेगळं आहे. मागच्या टीवरून, म्हणजे पहिला फटका मारायच्या सगळ्यात मागच्या जागेवरून, तो कोर्स साडेसात हजार यार्डांहून लांब आहे. २०२५ च्या जूनमध्ये तिथे महिलांची केपीएमजी पीजीए चॅम्पियनशिप झाली. ऊन आणि वारा असा होता की एकेक फेरी सहा तासांच्या आसपास लांबली, आणि चार दिवस खेळून मिन्जी ली जिंकली ती फक्त ४ अंडरने, म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा जेमतेम चार कमी मारून. जगातल्या उत्तम खेळाडूंची ही गत, तर बॅटसारखा क्लब, म्हणजे गोल्फची काठी, फिरवणाऱ्या तुमचं काय होईल! मागचा गट खोळंबेल, खेळ वेळेत चालवणारा मार्शल गाडी घेऊन दोनदा येऊन जाईल, आणि ज्या बॉसबरोबर मैत्री करायला गेलात तो परतीच्या वाटेत फक्त हवामानावर बोलेल.

याच आवारात तुमच्यासाठी बांधल्यासारखी दुसरी जागा आहे. तिचं नाव 'द स्विंग'. दहा होल, सगळे पार-३ (तीन फटक्यांत संपवायचे), सगळे छोटे, आणि रात्री दिवे लावलेले. दोन-तीन क्लब आणि एक पटर (चेंडू जमिनीवरून ढकलायचा क्लब) एवढ्यावर काम भागतं. शेजारी 'डान्स फ्लोअर' नावाचं दोन एकरांचं पटिंग ग्रीन, म्हणजे पटरने खेळायची हिरवळ, आहे. उंचसखल, एखाद्या गालिच्याखाली उश्या सरकवल्यात असं. माझी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी तिथे संध्याकाळी दोन-दोन तास घालवायच्या, आणि मी कडेला बसून त्यांची भांडणं सोडवायचो. बायकोला गोल्फमध्ये रस नसेल, आईबाबा भारतातून आले असतील, तरी इथे सगळे रमतात. हल्ली मला कुणी विचारलं की नव्यांपैकी सगळ्यात चांगला कोर्स कुठला, तर मी स्विंगचं नाव घेतो. लोकांना वाटतं काका चेष्टा करतायत.

मुलं शाळेत असतील तर एवढं लक्षात ठेवा की फ्रिस्कोचा शाळा-जिल्हाही (गावातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) या प्रकल्पात भागीदार आहे. इथल्या हायस्कूलमध्ये गोल्फचा संघ असतो, जसा आपल्याकडे खो-खोचा असायचा. सातवीपासून हात बसला तर मुलाला संघात जागा मिळू शकते. मुलींना तर जास्तच, कारण उतरणाऱ्या मुली कमी असतात.

नव्या कोर्सबद्दल एक तांत्रिक गोष्ट सांगतो, जी दुकानातला माणूस सांगणार नाही. नवी ग्रीन, म्हणजे होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ, दगडासारखी टणक असतात. जुन्या ग्रीनखाली मुळांचा आणि कुजलेल्या गवताचा स्पंजासारखा थर साचलेला असतो, त्यावर चेंडू पडला की दबून थांबतो. नव्यात तो थर नसतो, चेंडू टप्पा घेऊन मागे निघून जातो. तुम्हाला वाटतं आपलंच चुकलं. चुकलेलं नसतं. दहा-पंधरा यार्ड अलीकडे पाडा आणि घरंगळत जाऊ द्या. दुसरं म्हणजे सावली. नव्या कोर्सवरची झाडं अजून माणसाच्या उंचीची असतात. जुलैत इथे पारा ३८-४० च्या पुढे जातो, तेव्हा सकाळी सातच्या आतली वेळ घ्या, नाहीतर सरळ जुना, झाडांचा कोर्स गाठा.

आता माती. मी बार्शीकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. इथे पहिल्या पावसानंतर कोर्सवर गेलो आणि खाली वाकून बघतच राहिलो. काळी माती! अगदी आपली, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात पायाला शेर-शेर चिकटणारी. डॅलसपासून खाली सॅन अँटोनियोकडे जो पट्टा जातो त्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात, आणि फ्रिस्को त्यातच येतं. इकडेही पूर्वी या मातीत कापूसच पिकायचा. आजोबांना दाखवायला हवी होती.

हे भावनेपोटी सांगत नाही, यावर तुमचा खेळ ठरतो. ही माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस 'कार्ट पाथ ओन्ली' असा बोर्ड लागतो. म्हणजे गाडी सिमेंटच्या रस्त्यावरच ठेवायची आणि प्रत्येक फटक्याला चालत जायचं. नवखा माणूस एक क्लब घेऊन जातो, तो चुकीचा निघतो, परत गाडीकडे पळतो. तीन क्लब हातात घेऊन जा. उलट ऑगस्टमध्ये तीच जमीन खडखडीत होते, चेंडू फेअरवेवर, म्हणजे टी ते ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यावर, धावतच सुटतो, आणि घरी येऊन आपण सांगतो की आज ड्राइव्ह, म्हणजे टीवरचा लांब फटका, अडीचशे यार्ड गेला. गेला खरा, पण त्यातले साठ यार्ड मातीचे.

डिसेंबरात गवत तपकिरी दिसलं तर कोर्स मेला असं समजू नका. बर्म्युडा गवत थंडीत झोपतं, एप्रिलात पुन्हा हिरवं होतं. आणि हे गवत, विशेषतः ग्रीनवरचं, उन्हाळ्यात भोकं पाडून मोकळं करावं लागतं. त्याला एरेशन म्हणतात. हे मी शिकलो ते दीडशे डॉलर घालवून. एका कोर्सवर, नाव घेत नाही, भारतातून आलेल्या मेहुण्याला मोठ्या हौसेने घेऊन गेलो. पैसे आधीच कापलेले. बघतो तर अठराच्या अठरा ग्रीन चाळणी झालेली, वर वाळू पसरलेली. पटर लावला की चेंडू उड्या मारत भलतीकडेच. काउंटरवर विचारलं तर उत्तर आलं, वेबसाइटवर लिहिलं होतं. होतं, सगळ्यात खाली, पिटुकल्या अक्षरात. मेहुणा आजही विचारतो, "अमेरिकेत वाळूतच खेळतात का?" तेव्हा बुक करण्याआधी फोन करून एकच वाक्य विचारा: ग्रीन कधी पंच केली? तीन आठवडे झाले असतील तर जा.

स्विंगवर हात थोडा बसला की पुढची पायरी आर्लिंग्टनची. तिथे शहराचा जुना डिटो नावाचा कोर्स होता. तो मोडून जॉन कॉलिगनने त्याच जागी नवा केला, २०१९ मध्ये उघडला, आणि त्याला बेसबॉलच्या टेक्सास रेंजर्स संघाचं नाव दिलं. सगळ्यांना खुला आहे. डॅलस परिसरात 'नवा पण आपल्या आवाक्यातला' म्हणून मी याच्याकडे बोट दाखवतो. चढउतार बरेच आहेत, उन्हाळ्यात चालत खेळण्याचा हट्ट करू नका.

ह्यूस्टनला कुणाकडे जाणं झालं तर मेमोरियल पार्क सोडू नका. शहराचा कोर्स, मूळ १९३६ चा, टॉम डोकने नव्याने आखून २०१९ च्या अखेरीस पुन्हा उघडला. व्यावसायिक खेळाडू ब्रुक्स केप्का सल्लागार होता. व्यावसायिकांची ह्यूस्टन ओपन स्पर्धा आता तिथेच होते. गंमत म्हणजे सगळ्या कोर्सवर मिळून जेमतेम वीसेक बंकर (वाळूचे खड्डे) आहेत, सगळी अडचण उतार आणि नाल्यांनी केलेली. वाळूत अडकून पडणाऱ्या नवशिक्याला हे वरदान आहे, आणि अव्वल खेळाडूही तिथे डोकं खाजवतात. शहरात राहणाऱ्यांना फी कमी असते, तेव्हा तिकडच्या मित्राला सोबत घ्या.

टीच्या रंगाबद्दल (रंगानुसार टी पुढे-मागे असते) आपले लोक फार मानी. निळ्या टीच्या मागून खेळणं म्हणजे पुरुषार्थ. साधा हिशोब करा: तुमचा ड्राइव्ह खरा खरा जितका जातो त्याला २८ ने गुणा. दोनशे यार्ड जात असेल तर ५,६०० यार्डांचा कोर्स तुमचा. बहुधा ती पुढची टी निघेल. निघू दे. चेंडू हरवला तर तीन मिनिटं शोधायचा, २०१९ पासून नियमच तसा आहे. उंच गवतात हात घालायचा नाही, या भागात कॉपरहेड साप निघतात. आणि टॉर्नेडोच्या मोसमात, एप्रिल-मे मध्ये, वादळाचा-विजेचा भोंगा वाजला की पटिंग अर्धवट सोडून निघायचं. त्या एका पटसाठी विजेची वाट बघणारे दोन महाभाग मी पाहिलेत, दोघेही इंजिनिअर.

बाकी कपडे: कॉलरचा शर्ट, जीन्स नको. संच जुनाच घ्या, क्रेगलिस्टवर दीडशेत मिळतो. एवढं पुरे.

शेवटी खरं म्हणाल तर मला सांगायचंय ते वेगळंच. तिघा-चौघा मराठी मित्रांचा गट करून खेळू नका, निदान पहिलं वर्ष. एकट्याने नाव नोंदवा. कोर्सवाले तुम्हाला कुठल्यातरी तिघांमध्ये घालून देतात. मला एकदा असे तिघे मिळाले: निवृत्त अग्निशामक, त्याचा जावई आणि एक शाळेचा बसचालक. पहिल्या होलवर मी चार वेळा चेंडू पाण्यात घातला. बसचालकाने खिशातून जुना चेंडू काढला आणि म्हणाला, हा घे, याला पोहता येतं. पुढचे चार तास कसे गेले कळलं नाही. घराचं छप्पर गारपिटीत फुटलं तर विम्याच्या माणसाशी कसं बोलायचं, प्रॉपर्टी टॅक्सविरुद्ध अर्ज कधी करायचा, पोरांना पोहायला कुठे घालायचं, हे सगळं मी असंच शिकलो, मंडळात नाही. त्या अग्निशामकाने पुढे माझ्याकडे पुरणपोळी खाल्ली आणि तिला गोड टॉर्टिया म्हणाला. बायकोने माफ केलं.

निघताना एक कराल. पाऊस होऊन गेलेला असेल तर पार्किंगजवळ हवेचा पाइप शोधा, बऱ्याच कोर्सवर असतो. बुटांच्या खाचांतली काळी माती त्याने उडवा आणि मगच गाडीत बसा. नवीन गाडीचा कार्पेट त्या मातीने एकदा रंगला की धुऊन निघत नाही. बार्शीला आईही हेच सांगायची, फक्त तेव्हा बूट नव्हते.