रात्री गुडघे ठणकतात तेव्हा

पावसाळ्यात आमच्या देवगडात रात्री-अपरात्री वीज जाते, त्यामुळे विजेच्या शेकपट्टीवर भिस्त ठेवू नका. लोखंडी तव्यावर वाटीभर जाडं मीठ परतायचं, जुन्या लुगड्याच्या दुहेरी फडक्यात पुरचुंडी बांधायची. आधी आपल्या मनगटाला लावून बघा. तिथे सोसलं तरच गुडघ्याला. १५ ते २० मिनिटं पुरे. शेक घेताघेता झोपू मात्र नका, आणि मधुमेहाने पाय बधिर असतील तर हा उद्योगच नको, भाजलेलं कळत नाही. सांधा लाल, गरम होऊन सुजला असेल तर शेक नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ.

कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांच्या मध्ये गोधडीची घडी ठेवा. आईला यानेच सर्वांत जास्त उतार पडला. उताणं झोपून गुडघ्याखाली रात्रभर उशी घेऊ नका, आराम वाटतो पण सांधा वाकलेला आखडतो.

उंडीच्या बियांचं तेल चोळायचं तर चोळा. मला वाटतं निम्मा गुण चोळणाऱ्या हाताचा.

गोळी मध्यरात्री कळ असह्य झाल्यावर शोधण्यापेक्षा तिची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा, कारण गुण यायला अर्धा-पाऊण तास जातो. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल तर तेही त्यांना सांगा, तो आमवात, म्हणजे सांधे सुजवणारा आजार, असू शकतो. आणि न्हाणीच्या वाटेवर बॅटरी हाताशी ठेवा.