सातव्या नियमानंतर पुन्हा एक

धरमपेठेतल्या एका छोट्या ऑफिसात फ्रेशर म्हणून लागलो, तेव्हा पहिलंच काम मिळालं ते एका हाउसिंग सोसायटीची नियमावली वेबपेजवर चढवायचं. नियम ४२. वेबपेज ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये आकड्यांच्या यादीला ओएल लागतो, आतल्या प्रत्येक नोंदीला एलआय. ओएल टाकला, आत एलआय, झालं! पण सातव्या नियमाखाली पार्किंगच्या दरांचा तक्ता होता. यादी बंद केली, तक्ता घातला, नवी यादी उघडली, तर आठवा नियम 'एक' होऊन बसला.

मग मी शहाणपणा केला. यादीच काढून टाकली आणि आकडे हाताने टाइप केले. आठवडाभरात सोसायटीने मधे दोन नियम घुसवले. पुढचे सगळे आकडे बदलताना सिनियर दादा मागे उभा. "काऊन रे, ब्राउझर मोजून राहिला तर तू कशाला मोजतो?"

त्याने तक्ता उचलून सातव्याच एलआयच्या पोटात ठेवला. तक्ता त्या नियमाचाच होता ना! क्रम तुटलाच नाही. भाडेकरूंचं प्रकरण मात्र नव्या मथळ्याखाली १९पासून, तिथे दुसऱ्या ओएलला स्टार्ट, म्हणजे सुरुवातीचा आकडा, १९ दिलं. बारावा नियम रद्द झाला, तेव्हा नंतरच्या एलआयला व्हॅल्यू, म्हणजे त्या नोंदीचा आकडा, १३ दिली; पुढचे आपोआप रांगेत.

क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये 'स्टार्ट वापरू नका' असं होतं. ते १९९९च्या एचटीएमएल ४.०१चं म्हणणं. एचटीएमएल ५ने स्टार्ट आणि व्हॅल्यू दोन्ही परत आणले, नोट्स तेवढ्या जुन्याच राहिल्या.

पोटनियमांना ३.१, ३.२ असे आकडे हवे होते. त्याला सीएसएसचे, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या भाषेचे, काउंटर्स (मोजणारे आकडे) लागतात, आणि माझा अर्धा दिवस तिथेच गेला. काउंटर-रीसेटला, म्हणजे मोजणी जिथून सुरू होते त्या आकड्याला, ८ दिलं की यादी ९पासून सुरू होते, कारण पहिल्याच ओळीला एक वाढतो. म्हणून ८पासून हवं असेल तर ७ द्यायचं. शिवाय हे आकडे सीएसएस 'बिफोर' वापरून मजकुराच्या आधी नुसते दाखवतं, ते कॉपी होत नाहीत. सेक्रेटरी काकांनी मजकूर वर्डमध्ये चिकटवला आणि आकडे गायब. त्यामुळे ज्या आकड्यावरून लोक भांडणार, तो मी एचटीएमएलमध्येच ठेवतो. सजावटीचा असेल तर सीएसएस.

शेवटी काकांचा फोन, आकडे मराठीत पाहिजेत. सीएसएसमध्ये यादीच्या आकड्यांची लिपी ठरवणाऱ्या लिस्ट-स्टाइल-टाइपला देवनागरी लिहिलं, काम झालं. उत्साहाच्या भरात स्टार्टमध्येही देवनागरी १९ टाइप केला. तिथे इंग्रजीच आकडे चालतात. भाडेकरू पुन्हा एकवर.