पाहुणे आले की मुलांना पाण्याचं काम द्या

पाहुणे दारात आले की आपण लगेच पोराच्या मागे लागतो, नमस्कार कर, नाव सांग, कविता म्हणून दाखव, आणि ते बिचारं आईच्या मागे लपतं. त्यापेक्षा त्याला पाणी द्यायला सांगा. 4-5 वर्षांचं असेल तर स्टीलचा पेला अर्धाच भरायचा, दोन्ही हातांनी धरायचा, आधी आजी-आजोबांना मग बाकीच्यांना, ट्रे वगैरे जरा मोठं झाल्यावर. हातात काम असलं की लाजणं कमी होतं आणि "काका, पाणी घ्या" हे बऱ्याचदा न सांगताच तोंडातून येतं. प्रॅक्टिस आधी घरातच करा, बाबा ऑफिसातून आले की वगैरे. आणि सांडलं तर प्लीज सगळ्यांसमोर ओरडू नका, हातात फडकं द्या, पुसेल तेच.