मंत्र्यांच्या बैठकीआधी काय शिजतं?

सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत मुलं युरोपीय संघाची मंत्रिपरिषद समजून घ्यायला आधी मंत्र्यांची भाषणं वाचतात. मी म्हणतो, विषयपत्रिका उघडा, 'ए' मुद्दे शोधा. ते सहसा चर्चेविना मंजूर होतात, कारण घासाघीस आधीच उरकलेली असते: पहिल्यांदा कार्यगटांत, मग 27 देशांच्या स्थायी प्रतिनिधींच्या 'कोरेपर' समितीत. वादाचं उरलेलं 'बी'मध्ये बघा.

कोरेपरचेही दोन भाग पाडून वाचा. परराष्ट्र, अर्थ, गृह हे विषय दुसऱ्यात, राजदूतांकडे. पर्यावरण, वाहतूक पहिल्यात, त्यांच्या उपप्रतिनिधींकडे. (वरिष्ठांचा क्रमांक दुसरा! मुलं इथेच हमखास चुकतात.) शेतीचं बरंचसं काम वेगळ्या विशेष समितीकडे. आणि समितीत एकमत झालं म्हणून उत्तरपत्रिकेत 'कायदा झाला' लिहू नका; मंजुरी परिषदेचीच लागते.