पोर्तुगीज शब्द: लिस्बनचा की साओ पाउलोचा?

पोर्तुगीज मजकूर हाती आला की आधी तो कुठला आहे ते ठरवा. आगगाडीला 'कोंबोयु' आणि बसला 'औतोकारु' म्हटलं असेल तर पोर्तुगालचा. 'त्रेंय' आणि 'ओनिबुस' दिसले तर ब्राझीलचा. न्याहारीला 'मातबिशु' म्हणणारा बहुधा अंगोला किंवा मोझांबिकचा.

असे वेगळे शब्द फारसे अडचणीत आणत नाहीत, कारण कळलं नाही तर माणूस विचारतो. घात होतो तो दोन्हीकडे चालणाऱ्या एकाच शब्दाने. पोर्तुगालच्या फॉर्मवर 'आपेलिदु'च्या रकान्यात आडनाव लिहायचं असतं. ब्राझीलमध्ये 'आपेलिदु' म्हणजे टोपणनाव आणि आडनावाला 'सोब्रेनोमी'. 'प्रोपीना' ही पोर्तुगालमध्ये विद्यापीठाची फी, ब्राझीलमध्ये लाच. बातमीचं भाषांतर करताना इथे चुकलात तर फी भरणारा विद्यार्थी लाच देणारा ठरतो. 'रापारीगा' पोर्तुगालमध्ये साधी मुलगी. ब्राझीलमध्ये, विशेषतः ईशान्य भागात, ती शिवी आहे. तिथे 'मोसा' म्हणा.

म्हणून शब्दकोशातल्या पहिल्याच अर्थावर थांबू नका. प्रिबेरामच्या ऑनलाइन कोशात अर्थाआधी चौकटी कंसात देशाचा शेरा असतो, तो आधी वाचा. वहीत शब्द उतरवताना देश लिहा आणि ज्या वाक्यात तो भेटला ते पूर्ण वाक्यही. पोर्तुगीज भाषक देशांमधल्या १९९०च्या भाषाविषयक करारावर विसंबू नका. तो फक्त शुद्धलेखनाचा आहे. पोर्तुगालमध्ये आजही 'फाक्तु' म्हणजे वस्तुस्थिती आणि 'फातु' म्हणजे सूट. ब्राझीलमध्ये मात्र 'फातु' हीच वस्तुस्थिती.

वाक्प्रचार तोडून शोधला की हाती काही लागत नाही. तो अख्खा अवतरणचिन्हांत घालून .पीटी आणि .बीआर संकेतस्थळांवर वेगवेगळा शोधा. सोप्या कामाला पोर्तुगालमध्ये 'कांझा' म्हणतात. कांझा म्हणजे कोंबडी-तांदळाचं सूप. हा शब्द मल्याळम 'कंजी'वरून गेला, म्हणजे कोकणातल्या पेजेचा भाऊबंदच. ब्राझीलमध्ये त्याच अर्थाने 'साखर घातलेली पपई' म्हणतात. पण तिथे कुणी 'कांझा दिली' म्हणालं, तर पाहुण्या गायकाने दुसऱ्याच्या कार्यक्रमात एखादं गाणं म्हटलं असं समजा.

सगळ्यात फसवं म्हणजे 'पोइश नांव'. यातल्या 'नांव'चा अर्थ 'नाही', म्हणून नवखा माणूस नकार समजून मागे फिरतो. ब्राझीलमध्ये दुकानदाराच्या तोंडी ते 'बोला, काय हवं?' असतं आणि विनंतीच्या उत्तरात 'हो, जरूर'. पोर्तुगालमध्ये ते नकारार्थी वाक्याला दिलेला दुजोरा असतं: 'आज ऊन नाही.' 'नाही ना!' अर्थ लावण्याआधी समोरचा कुठला आणि आधीचं वाक्य काय होतं, हे दोन्ही पाहा.