घाटाचा राजा शर्यत का हरतो? चढाईवाल्यांनो, या चुका टाळा

सायकल घेऊन पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलात आणि वाघबीळचा चढ आला की कोण किती पाण्यात आहे ते कळतं. पण कळतं ते चढापुरतंच. अनेक दिवसांच्या सायकल शर्यतीत, म्हणजे स्टेज रेसमध्ये, रोजचा वेळ बेरजेत धरला जातो, आणि घाटात सगळ्यांना धूळ चारणारा गडी अंतिम यादीत आठवा नाहीतर दहावा सापडतो. टूर द फ्रान्सलाही हे नवं नाही. रिशार विरांकनं डोंगरांच्या राजाची ठिपक्यांची जर्सी सात वेळा जिंकली, पण टूर एकदाही नाही.

चढावर वेळ कमावता येतो, पण तो घालवायच्या जागा कितीतरी जास्त आहेत. चुका त्या जागांवर होतात.

‘अजून दोन किलो उतरवतो’

आपल्याकडची सगळ्यात लाडकी चूक. घाटात वेग कमी असतो आणि झुंज स्वतःच्या वजनाशी असते, म्हणून पायांची ताकद भागिले वजन, म्हणजे वॅट भागिले किलो, हा आकडा तिथं राज्य करतो. सपाटीवर ताशी ४५-५० च्या वेगात झुंज हवेशी असते. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि तिथं एकूण वॅट मोजले जातात.

समजा, एकजण ६० किलोचा आहे आणि किलोमागे ६ वॅट काढतो, म्हणजे ३६०. दुसरा ७५ किलोचा, किलोमागे ५.६, म्हणजे ४२०. उभ्या चढावर पहिला निघून जाईल. सपाट टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्यानं घड्याळाशी केलेल्या शर्यतीत, दुसऱ्याच्या हातात ६० वॅट जादा आहेत, आणि तो अंगानं मोठा असला तरी हवेला त्या प्रमाणात जास्त अडत नाही. पहिल्यानं उपाशी राहून आणखी दोन किलो घटवले तर बहुतेक वेळा वॅटही घटतात, वर सर्दी-खोकला पाठीमागे लागतो तो वेगळाच.

२०११ च्या टूरमध्ये अँडी श्लेक शेवटून दुसऱ्या दिवशी कॅडेल इव्हान्सच्या ५७ सेकंद पुढे होता. ग्रेनोबलच्या ४२.५ किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये इव्हान्सनं त्याला २ मिनिटं ३१ सेकंदांनी मागं टाकलं आणि टूर १ मिनिट ३४ सेकंदांनी खिशात घातली. पुढच्या वर्षी इटलीच्या स्टेज रेसमध्ये, जिरो दि’इटालियात तेच. होआकिम रॉद्रिगेझ ३१ सेकंदांची आघाडी घेऊन मिलानच्या टाइम ट्रायलला उतरला आणि रायडर हेसजेडालकडून १६ सेकंदांनी जिरो हरला.

दुरुस्ती कंटाळवाणी आहे. चढावर ताठ बसून निघणारे वॅट वाकून, कोपर आत घेऊन, सपाटीवर निघतात का ते आधी तपासा. बहुतेकांचे निघत नाहीत. आठवड्यातून एकदा तरी त्याच बैठकीत वीस मिनिटं एकसारखा जोर लावा.

वाऱ्याच्या दिवशी मागे बसणं

माझ्या मते टाइम ट्रायलपेक्षा हे जास्त लागतं, कारण कुणी याची तयारीच करत नाही. बाजूनं वारा आला की पुढच्याच्या बरोबर मागे आडोसा मिळत नाही. तो तिरका, बाजूला सरकून मिळतो. म्हणून घोळका तिरक्या रांगेत लागतो. रस्त्याची रुंदी संपली की रांगही संपते. उरलेले कडेच्या खडीशी एकामागे एक अडकतात, तिथं आडोसा नाही, आणि कुणीतरी तुटतंच. हलक्या अंगाच्या चढाईवाल्याला गर्दीत खांदे घासायचा कंटाळा असतो. तो मागे राहतो आणि तुटणाऱ्यांत सापडतो.

२०१५ ची टूर नैरो किंतानाला अगदी सोयीची होती. वैयक्तिक टाइम ट्रायल पहिल्या दिवशीची, फक्त १३.८ किलोमीटरची. पण दुसऱ्याच दिवशी नेदरलँड्समधल्या समुद्राकाठच्या वाऱ्यात त्यानं ख्रिस फ्रूमसमोर १ मिनिट २८ सेकंद गमावले. डोंगर यायला अजून बराच अवकाश होता. शेवटी पॅरिसमध्ये दोघांत अंतर किती राहिलं? १ मिनिट १२ सेकंद. २०१९ मध्ये तिबो पिनोनं आल्बीच्या सपाट स्टेजवर १ मिनिट ४० सेकंद असेच घालवले, आणि त्याच आठवड्यात तूरमालेची स्टेज जिंकली.

सरावाला आपल्याकडे जागा आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, आणि कोल्हापूरहून गारगोटीचा रस्ता दक्षिणेला जातो. तिथं तो थेट बाजूनं झोडपतो. चौघं-पाचजण मिळून, रहदारी नसलेल्या पहाटे, आपल्या लेनपुरती तिरकी रांग लावून बघा. हायवेवर मात्र हा नाद करू नका. शर्यतीत वळण घेऊन रस्ता उघड्या माळावर जाणार असेल, तर वळणाच्या आधीच पुढच्या विसात या. रांग तुटलीच तर एकट्यानं पाठलाग करू नका. मागे राहिलेल्यांना हाका मारून लगेच दुसरी रांग लावा.

माथा म्हणजे फिनिश समजणं

२०१६ च्या जिरोत स्टीव्हन क्राउसवाइक तीन मिनिटांनी पुढे होता. कोले देल’आन्येलोच्या उतारावर तो बर्फाच्या भिंतीवर आदळला, आणि जिरो विन्चेन्झो निबालीनं नेली. करूळ घाटात पावसाळ्यात उतरताना शेवाळ्यावर चाक सरकलेल्यांना यावर जास्त सांगायला नको. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही.

बोनस सेकंदही विसरतात. टूरमध्ये बहुतेक स्टेजच्या फिनिशला पहिल्या तिघांच्या एकूण वेळेतून १०, ६ आणि ४ सेकंद वजा होतात. घाटावर बरोबरीनं पोचून शेवटच्या दोनशे मीटरला मागे पडलात, तर चढ चढूनही तोटाच.

खाण्याचं थोडक्यात: भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. व्यावसायिक रायडर आता तासाला ९० ते १२० ग्रॅम कर्बोदकं घेतात. पोटाला सवय नसताना शर्यतीच्या दिवशी हा प्रयोग केलात तर झाडी शोधावी लागेल.

मार्ग न बघता नाव नोंदवणं

टाइम ट्रायल किती किलोमीटरची आहे हे आधी बघा. २०१२ च्या टूरमध्ये ती सगळी मिळून शंभर किलोमीटरवर होती. जिंकला ब्रॅडली विगिन्स, चढाईवाल्यांचं काही चाललं नाही. दुसरं बघा ते शेवटच्या माथ्यापासून फिनिशपर्यंतचं अंतर. वैभववाडीकडून करूळ घाट चढून गगनबावड्यात फिनिश असेल तर खुशाल एकट्यानं सुटा. फिनिश कोल्हापुरात असेल तर पुढे साधारण ५५ किलोमीटर पडलेत, आणि मागचे आठजण आळीपाळीनं वारा खात येणार आहेत. अशा वेळी माथ्यावर जरा दम घ्या आणि मागून येणाऱ्या दोघा-तिघांना सोबत घेऊनच निघा.