मिक्सरला काहीच न जोडता तो वाजवायचा कसा

लग्नाच्या हॉलमध्ये माइक स्पीकरसमोर आला की कर्कश शिट्टी सुटते आणि साउंडवाला धावत जाऊन मिक्सरवरचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, खाली ओढतो. तोशिमारु नाकामुरा हे जपानी वादक नव्वदच्या दशकापासून तीच शिट्टी वाजवत आले आहेत. त्यांच्या मांडणीत माइक नसतो, वाद्यही नसतं. मिक्सरच्या आउटपुटमधून निघालेली केबल त्याच मिक्सरच्या इनपुटमध्ये परत जाते, एवढंच. मूळचे ते गिटारवादक. पुढे गिटार मागे पडली आणि ‘नो-इनपुट मिक्सिंग बोर्ड’ हेच त्यांचं वाद्य झालं.

त्यांचं वादन इतक्या बारीक आवाजात का, हे तोक्योच्या योयोगी भागातल्या ‘ऑफ साइट’ या जागेकडे पाहिलं की थोडं कळतं. २००० ते २००५ या काळात तिथे असं संगीत नेमाने व्हायचं. जागा लहान, शेजारची घरं खेटून. आवाज वाढवणं शक्यच नव्हतं, तेव्हा ऐकणाऱ्यांनी कान वाढवले. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यात भिंतीला भिंत लावून राहणाऱ्यांना ही अडचण समजावून सांगायला नको. खालची सगळी मांडणी तशाच खोलीसाठी आहे.

सामान

मिक्सर अ‍ॅनालॉगच हवा. डिजिटल मिक्सरमध्ये आवाज आकड्यांत बदलून परत यायला काही मिलीसेकंद जातात, आणि मर्यादा ओलांडली की तो एकदम तुटतो. अ‍ॅनालॉगमध्ये तो हळूहळू खरखरीत होत जातो, आणि गंमत त्या मधल्या पट्ट्यातच आहे. चार ते बारा चॅनल पुरेत. पाहायचं ते ऑक्स सेंड, म्हणजे चॅनलमधला आवाज वेगळ्या आउटपुटला नेणाऱ्या वाटा, किती आहेत हे. एक असेल तर एक लूप (बाहेर पडून परत आत येणारी आवाजाची फेरी), दोन असतील तर दोन. बेरिंजर झेनिक्स ८०२ सारख्या छोट्या मिक्सरला एकच सेंड मिळतो. शिकायला तेवढा पुरतो, पण महिन्याभरात दुसऱ्याची उणीव भासू लागते. मॅकीच्या १२०२ जातीच्या मिक्सरला दोन ऑक्स आहेत, शिवाय म्यूट दाबलेलं चॅनल ‘ऑल्ट ३-४’ या वेगळ्या आउटपुटला जातं, म्हणजे आणखी एक वाट फुकटात.

नवाच घ्यायला हवा असं नाही. लग्नसराई आटोपल्यावर, आषाढात गणपतीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत, साउंड भाड्याने देणाऱ्यांकडे जुने मिक्सर पडून असतात. घेताना सोबत एक केबल न्या आणि प्रत्येक नॉब दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा. एखादं चॅनल मेलेलं असेल तरी चालतं, ऑक्सचा नॉब मेलेला चालत नाही. अ‍ॅडॅप्टर हरवलेला मिक्सर स्वस्त मिळाला तरी सोडून द्या. बरेच छोटे मिक्सर डीसी नव्हे, एसी देणाऱ्या खास अ‍ॅडॅप्टरवर चालतात, आणि भलताच लावला तर सर्किट जातं.

केबल घरीच बनवा. एम. जी. रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पी-३८ मोनो पिन (मिक्सरला लागणारी जाड पिन) आणि शील्डेड वायर मिळते. पाऊण ते दीड फुटाचे चार तुकडे, आठ पिना. आतली तार टोकाला, जाळी बाहेरच्या कड्याला. जाळीचा एक केस जरी टोकाला चिकटला तरी केबल मुकी होते, त्यामुळे झाकण लावण्याआधी मल्टिमीटरने तपासा.

पहिला लूप

सगळे फेडर आणि गेन (चॅनलमध्ये शिरतानाच आवाज वाढवणारा नॉब) तळाला, इक्वलायझरचे, म्हणजे बेस-ट्रेबलचे, नॉब मधोमध, फँटम पॉवर बंद. माइकला वीज देणारं ४८ व्होल्टचं ते बटण या कामात कधीच चालू करायचं नाही. स्पीकरचा आवाजही शून्यावर. हेडफोन सुरुवातीला लावूच नका. लूप सुटला की आवाज क्षणात शिखर गाठतो, आणि त्या क्षणी कानावर काही नसलेलं बरं.

आता ऑक्स सेंड १ च्या आउटपुटमधून केबल काढून चॅनल १ च्या लाइन इनमध्ये घाला. चॅनल १ चा गेन मध्यावर आणा, फेडर शून्य डीबीच्या खुणेच्या जरा खाली. मास्टर (सगळ्या चॅनलचा एकत्र आवाज) आणि स्पीकर इतकाच उघडा की मिक्सरचा स्वतःचा खसखसाट जेमतेम ऐकू येईल. मग चॅनल १ वरचा ऑक्स १ चा नॉब हळूहळू उघडा. नॉबची खूण घड्याळातल्या दोनच्या जागी येईस्तोवर बहुधा काहीच होत नाही. पुढे एका केसाइतक्या हालचालीत स्वर उमटतो.

तिथेच थांबा. घडलं ते असं: सर्किटचा खसखसाट लूपमधून एक फेरी मारून आला आणि मूळच्यापेक्षा किंचित मोठा होऊन आला. पुढच्या फेरीत आणखी मोठा. ज्या कंपनसंख्येला ही वाढ सगळ्यात आधी जमते, तिचाच स्वर ऐकू येतो. वाढ अगदी काठावर असेल तर शुद्ध, गुळगुळीत साइन लाट मिळते. नॉब पुढे नेला की लाट सर्किटच्या मर्यादेला धडकून वरून-खालून कापली जाते, आणि स्वर तिखट, भुंग्यासारखा होतो. नवशिके इथून सरळ पुढे जातात आणि सगळं करवादून टाकतात. काठावर राहायला शिकणं हाच निम्मा रियाज.

ऑक्स ‘प्री-फेडर’ (फेडरच्या आधी आवाज उचलणारा) आहे की ‘पोस्ट-फेडर’ (फेडरच्या नंतर) हे आधीच बघून ठेवा. प्री असेल तर फेडर हलवल्याने फक्त ऐकू येणारा आवाज कमी-जास्त होतो, लूप आत तसाच फिरत राहतो. म्हणजे चालू स्वर कुणाला कळू न देता आणता येतो, नेता येतो. पोस्ट असेल तर फेडर लूपचाच गळा धरतो: खाली आणला की स्वर मरतो, आणि परत वर नेल्यावर तोच स्वर येईल याची खात्री नाही. वादनासाठी दोन्ही उपयोगी, पण कुठलं आहे ते माहीत नसेल तर हात चुकतो.

स्वर फिरवणं

स्वराची उंची इक्वलायझर ठरवतो. ट्रेबल वाढवा, बेस पूर्ण काढा: बारीक शिट्टी. ट्रेबल काढून बेस वाढवा: खोल घुमारा, कधी स्वरही नाही, नुसते ठोके. मिडला कंपनसंख्या बदलणारा वेगळा नॉब असेल तर तुमचं नशीब. तो फिरवताना स्वर सरकतो, पण मींड घेतल्यासारखा अखंड नाही. मध्येच अडतो आणि उडी मारतो. ज्या जागी वर उडी मारली, त्याच जागी खाली येत नाही. परत येताना नॉब बराच मागे न्यावा लागतो, तेव्हा कुठे पहिला स्वर सापडतो. ही उडीची जागा पेन्सिलने खूण करून ठेवण्यासारखी. मात्र उद्या ती थोडी सरकलेली असेल, कारण सर्किट गरम झालं की सगळं हलतं. अर्धा तास मिक्सर चालू ठेवून मगच खुणा करा. डिसेंबरातल्या नाशिकच्या थंडीत थोडा जास्त.

दुसरा लूप: ऑक्स २ मधून चॅनल २. आधी दोन्ही स्वतंत्र वाजू द्या. दोघांना जवळपास एकाच उंचीवर आणलं की तंबोऱ्याची जोड लावताना येतात तशी आंदोलनं ऐकू येतात: एक ४४० हर्ट्झ, दुसरा ४४२, तर सेकंदाला दोन. फरक कमी करत अर्ध्या हर्ट्झवर आणला तर एक लाट दोन सेकंद घेते. मोठ्याने वाजवून हे नीट ऐकू येत नाही, म्हणून आवाज खालीच ठेवा. त्यानंतर चॅनल १ वरचा ऑक्स २ चा नॉब थोडासा उघडा. एक लूप दुसऱ्यात पाझरतो आणि दोघांची ओढाताण सुरू होते. टुक-टुक, तडतड, मध्येच गप्प, परत सुरू. तुम्ही हात लावला नाहीत तरी हे चालू राहतं. अशा वेळी हात न लावणंच बरं. दोन मिनिटं नुसतं ऐका.

लूपच्या मध्ये गिटारचा डिले पेडल (आवाज थोड्या वेळाने परत ऐकवणारा) घातला तर ठोक्यांना नेमकी लय येते. सोय खरी, पण मग सगळं पेडलसारखंच वाजू लागतं. पहिले काही आठवडे त्याच्याशिवाय.

स्पीकर आणि कान

सगळ्यात महाग चूक ऐकू न येणारी असते. लूप कधीकधी १८-२० हजार हर्ट्झच्या वर जाऊन बसतो. खोलीत शांतता, मिक्सरवरचा आवाजाचा मीटर मात्र वर, आणि ट्वीटर (बारीक स्वरांचा छोटा स्पीकर) आतून तापतोय. मीटरचा दिवा लागला आणि आवाज नाही, तर आधी मास्टर खाली. उलट टोकाला २० हर्ट्झच्या खालचा स्वर: तोही ऐकू येत नाही, पण वूफरचा, म्हणजे खोल स्वरांच्या मोठ्या स्पीकरचा, पडदा पुढे-मागे हलताना दिसतो. आवाज कॉम्प्युटरमधून जात असेल तर ३० हर्ट्झच्या खालचं आणि १६ हजारांच्या वरचं कापा आणि पुढे लिमिटर (ठरावीक पातळीच्या वर आवाज न जाऊ देणारा) लावा.

कानांसाठीचा एक प्रचलित हिशेब असा: ८५ डेसिबल आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. शुद्ध साइन स्वर गाण्यापेक्षा लवकर थकवतो, म्हणून मर्यादेच्या बरंच खाली राहा. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची कायदेशीर मर्यादा आहे, दिवसा ५५. मिरवणुकीतल्या नाशिक ढोलाला सरावलेल्या कानांना एवढ्या आवाजात काय ऐकायचं असं वाटेल. पाच मिनिटं बसल्यावर खोलीतला फ्रिजही ऐकू यायला लागतो.

हमखास बिघडतं ते

आवाजच नाही: ऑक्सचा मास्टर नॉब बंद असतो, नाहीतर चॅनल म्यूट असतं, नाहीतर केबल मुकी. याच क्रमाने बघा.

सतत ‘हूंऽऽ’ येतो: ५० किंवा १०० हर्ट्झचा तो विजेचा गुणगुणाट. मिक्सर, कॉम्प्युटर आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. तरीही राहिला तर मिक्सर आणि कॉम्प्युटरच्या मधल्या आवाजाच्या केबलमध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका; शॉक लागतो.

नॉब फिरवताना करकर: धूळ. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-पंचवीस वेळा फिरवा. गंज काढायचा नेहमीचा स्प्रे नको, त्याचा थर आत राहतो. थोडी करकर मात्र राहू द्या, ती लूपला नव्या स्वरावर ढकलायला कामी येते.

दहा मिनिटांची रचना

नाकामुरांच्या सोबत अनेकदा वाजवणाऱ्या साचिको एम सॅम्पलरमध्ये (आवाजाचे नमुने भरून वाजवायचं यंत्र) एकही नमुना न भरता त्याचा नुसता टेस्ट टोन, म्हणजे तपासणीचा साइन स्वर, वाजवत. इतक्या कमी सामानात रचना उभी राहते ती वेळेवर. पहिली तीन मिनिटं एकच स्वर, काठावरचा. मग फक्त ट्रेबलचा नॉब, एका मिनिटात जेमतेम पाव फेरा. दुसरा लूप पाचव्या मिनिटाच्या आत आणू नका. दोघांची ओढाताण दोन मिनिटं चालू द्या, मग पहिला काढून घ्या. दुसरा एकटा पडला की बहुधा वेगळाच स्वर धरतो. तो येईल तसा घ्या, दुरुस्त करायला जाऊ नका. मधली शांतता मोजून ठेवा: वीस सेकंद म्हणजे वीस सेकंद.

रेकॉर्डिंगला २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, शिखर उणे १२ डीबीच्या आसपास. ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. इंटरफेसचं (मिक्सरचा आवाज कॉम्प्युटरला देणारी पेटी) आउटपुट मिक्सरला परत जोडू नका, नाहीतर एक नको असलेला लूप तयार होतो. सुरू करण्याआधी सगळ्या नॉबचा फोटो काढा. तोच आवाज परत मिळणार नाही, पण त्याच्या आसपास पोचता येतं.

बंद करताना आधी मास्टर, मग स्पीकर, आणि सगळ्यात शेवटी मिक्सर. उलट केलं तर बसणारा ‘धप्’ स्पीकरला सोसत नाही.